फळ्यावरची वेळ

गेशे कोर्टमनशी माझी पहिली ओळख भांडणानेच झाली. पुराच्या दिवसांत आयसल नदीच्या बांधावर पहारा करणाऱ्या स्वयंसेवकांत मी नुकतंच नाव दिलं होतं. पहिली फेरी संपवून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन मी चौकीत शिरले, तर दारात ही उंच, हाडकुळी बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"निघालीस तेव्हा परत यायची वेळ कुठे लिहिलीस?"

मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहिली आहे, खिशात आहे.

"आणि तू घसरून नदीत गेलीस, तर तुझा खिसा मी कुठे शोधू?"

एवढं बोलून तिने माझ्या हातात खडू दिला. चौकीच्या दाराशी काळा फळा होता. बांधावर जाणाऱ्या प्रत्येक जोडीने त्यावर आपली नावं, बांधाचा कितवा तुकडा आणि परत यायची वेळ लिहायची. परत आल्यावर ओल्या कोटासकट आधी फळ्याकडे जायचं, आल्याची वेळ लिहायची, मग कॉफी. कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळायचं आणि गेशे लगेच डब्याचं झाकण लावायची. दुसरं बिस्कीट मागायची छाती मी पुढच्या बावीस वर्षांत एकीचीच पाहिली, ती तिच्या बहिणीची, फेनाची.

फेना गेशेपेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, बाप दूध डेअरीत पहाटेच्या पाळीला, तेव्हा या पोरीच्या वेण्या घालण्यापासून तिला सायकल शिकवण्यापर्यंत सगळं गेशेनेच केलं. पुढे फेना लांगेवेर्ट गावच्या शाळेत बाई झाली. गेशेने त्याच डेअरीत तीस वर्षं दुधाच्या तपासणीच्या नोंदी ठेवल्या. लग्न केलं नाही; का, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती. फेना तिला तोंडावर चिडवायची, "आमच्या घरात दोन कायदे होते, एक देवाचा आणि एक गेशेचा. देव निदान माफ तरी करायचा." गेशे हसायची नाही, पण बिस्किटाचा डबा फेनापाशी जरा जास्त वेळ उघडा राहायचा.

फळ्याशिवाय गेशेचा आणखी एक नियम होता : शेवटचा निरोप खरा. पंच्याण्णवच्या पुरात एका जोडीला दोघांनी दोन वेगळे हुकूम दिले आणि ती दोघं पाऊण तास पावसात वाद घालत उभी राहिली, तेव्हापासूनचा हा नियम. चौकीतून सर्वांत शेवटी आलेला निरोप पाळायचा, आधीचे विसरायचे, उलट प्रश्न विचारायचे नाहीत. दरवर्षी ऑक्टोबरातल्या सरावात ती हे आमच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायची. आम्ही शेतकरी, शाळामास्तर, निवृत्त बेकरीवाले, सगळे नाकं मुरडत म्हणायचो.

पूर्वी हे निरोप ती स्वतः फोन करून द्यायची. अडतीस जोड्या, दिवसरात्र पाळ्या. घसा बसला की मी तिला मध घालून गरम दूध द्यायचे आणि ती ते "औषध म्हणून" प्यायची. साठी जवळ आली तशी ती वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली आणि एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे त्याच्याकडून आपोआप कामं करून घेणारे छोटे हुकूम, लिहायला शिकली. एका हिवाळ्यात तिने स्वतःच्या हाताने एक फाइल तयार केली. आम्ही तिचं नाव ठेवलं निरोप्या. हिरवं बटण दाबलं की निरोप्या दर वीस मिनिटांनी जागा होई, कोणत्या तुकड्यावर पहारा हवा ते पाही, मोकळ्या जोडीच्या फोनवर संदेश धाडी, आणि वीस मिनिटांनी पुन्हा जागं व्हायची वेळ लावून झोपी जाई. लाल बटण दाबलं की थांबे. म्हणजे, थांबतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

बांध खात्याच्या मुख्य कचेरीला निरोप्या इतका आवडला, की त्यांच्या संगणक विभागाच्या येल्मरने येऊन त्याला कुलूप लावलं. कोणी चुकून काही बिघडवू नये म्हणून पासवर्ड फक्त त्याच्याकडे. गेशेला ते झोंबलं. माझ्याच पोराच्या खोलीला कुलूप आणि किल्ली शेजाऱ्याकडे, असं ती महिनाभर बोलून दाखवत होती.

त्या जानेवारीत पाणी चढलं ते आठ दिवस उतरलंच नाही. बांध आतून भिजून जड झाला होता. त्यातच एका सकाळी पंपांची नेहमीची यंत्रणा बंद पडली, म्हणून येल्मरने घाईघाईने दुसरी एक एक्सेल फाइल आमच्याच संगणकावर उघडून दिली. नदीची पातळी तीत येई आणि तिच्यातून दोन्ही पंपघरांना जाई. "ही बंद करू नका," त्याने बजावलं होतं. "बंद झाली तर माझ्या पासवर्डशिवाय उघडणार नाही." मग तो नदीपलीकडे गेला, दुपारी पलीकडचा रस्ता पाण्याखाली गेला, आणि त्याच्या फोनवर नुसता व्यस्तचा आवाज येऊ लागला.

दुपारी सव्वाएकला एका जोडीचा फोन आला. सातव्या तुकड्यावर, बांधाच्या गावाकडच्या उतारावर, लांबच लांब भेग पडली आहे. हाताची बोटं आत जातात. आमचे प्रमुख रूलोफ यांनी नकाशा न उघडताच सांगितलं, की सातवरून सगळ्यांना खाली काढा, तिथे आता माणूस जाता कामा नये, वाळूचे ट्रॅक्टर गावाकडून, अंतर ठेवून लावू.

गेशेने लाल बटण दाबलं. पडद्यावर काही आलं नाही, तक्रार नाही, काही नाही. खात्री म्हणून तिने निरोप्याची फाइलच बंद केली. मग सर्व जोड्यांना हाताने संदेश टाकला : सातव्या तुकड्यावर कोणी जाऊ नये. अडतीस पोचपावत्या आल्या. मी कॉफी गाळली, रूलोफ यांनी चष्मा पुसला. सातवर आता कोणी नव्हतं आणि कोणी जाणार नव्हतं.

दीड वाजता मी पेले गोळा करत होते. पडद्यावर काहीतरी हललं. बंद केलेली फाइल आपली आपण उघडली. कोणी हात लावला नव्हता. गेशे खिडकीशी होती. निरोप्या उघडला, त्याने आपल्या नोंदीत एक ओळ लिहिली आणि गप्प झाला. मी ओळ वाचली आणि माझ्या हातातले पेले टेबलावर कसे ठेवले ते मला आठवत नाही.

१३:३०:१२. सातवा तुकडा. ताबडतोब निघा. जोडी : फेना कोर्टमन, बेरेंड.

मी गेशेला हाक मारली नाही, नुसतं बोट दाखवलं. ती आली, तिने वाचलं. बेरेंड म्हणजे आमचा म्हातारा बेकरीवाला. दोघं पाचव्या तुकड्याच्या शेडमध्ये बसलेली, तिथून सातवा वीस मिनिटांवर.

फोन लावले. वादळात सगळा जिल्हा एकमेकांना फोन करत होता; संदेश तेवढे जात होते, बोलणं होत नव्हतं. मी संदेश टाकला, परत फिरा. पोचला. वाचला गेल्याची खूण आली नाही. बांधावर चालणारा माणूस फोन आतल्या खिशात ठेवतो, वर रबरी कोट, वर वारा. तो फोन बघत नाही, पाय कुठे पडतो ते बघतो. ट्रॅक्टरांवर मात्र वायरलेस होता. रूलोफ यांनी वाळू नेणाऱ्या वॉबेला सांगितलं, असशील तिथून वळ, आतल्या रस्त्याने सातकडे जा, भोंगा वाजव. "वळतो," एवढंच ऐकू आलं आणि मग खरखर.

"संगणक बंद करा," कोणीतरी दारातून म्हणालं. "वायर उपटा."

"वायर उपटली तर पंप आंधळे होतील," रूलोफ म्हणाले. पंप आंधळे म्हणजे खालच्या वस्तीतली दोनशे घरं. निरोप्या आणि पंपांची फाइल एकाच एक्सेलमध्ये उघड्या होत्या. एक जगवून दुसऱ्याला मारायचं तर एक्सेल बंद करून चालणार नव्हतं. नुसती निरोप्याची फाइल बंद करूनही उपयोग नव्हता, कारण त्याची उठायची वेळ एक्सेल लक्षात ठेवतं आणि वेळ झाली की फाइल पुन्हा उघडतं. निरोप्याच्या यादीत सातवा तुकडा पहाऱ्याविना रिकामा दिसत होता, आणि येल्मरच्या कुलपामुळे त्याचं नावही खोडता येईना. पुन्हा सगळ्यांना बजावून ठेवावं म्हटलं, तर ते एकदा केलंच होतं. एक पन्नासला निरोप्या पुन्हा जागा होणार, आणखी एका जोडीला सातवर धाडणार, आणि ती जोडी निमूट जाणार, कारण शेवटचा निरोप खरा.

घड्याळात एक अडतीस झाले होते.

गेशे खुर्चीत बसली.  ती डोळे मिटून काहीतरी आठवत होती. आपण लिहिलेल्या ओळी. मग ती अगदी हळू बोलली, माझ्याशी की स्वतःशी ते मला कळलं नाही.

"थांबवायचं तर त्याला सांगावं लागतं, अमुक वेळेचं तुझं उठणं रद्द. नेमकी तीच वेळ. सेकंदासुद्धा. ती वेळ मी एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डबीत, ठेवली होती. पण ते व्हेरिएबल मी निरोप धाडणाऱ्या मॅक्रोच्या पोटात मांडलं. तो मॅक्रो संपला की ते मरतं. लाल बटण विचारायला जातं तेव्हा तिथे काही नसतं."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी विचारलं, मग ते बटण तसं सांगत का नाही?

"तक्रार करू नकोस, असं मीच त्याला लिहून ठेवलंय. वर्गात शिकवलं होतं. पडदा स्वच्छ दिसतो." मग म्हणाली, "सरावात मी दरवेळी लाल बटण दाबून एक्सेल बंद करायचे आणि घरी जायचे. म्हणून तो थांबायचा. बटणाने नाही. एवढी वर्षं."

मग तिने मान वर करून फळ्याकडे पाहिलं. तिथे अकरा जोड्यांच्या वेळा सरळ ओळीत लिहिलेल्या होत्या. "मी खिशात ठेवली," ती म्हणाली. "सगळ्यांना खडू दिला आणि स्वतःची वेळ खिशात ठेवली."

बावीस वर्षं तिच्याकडून बोलणी खाल्लेल्या बाईला त्या क्षणी थोडं तरी बरं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं.

वायरलेसवर वॉबे काही बोलत नव्हता.

"बटणाला ठाऊक नाही," गेशे म्हणाली, "पण आपण शोधू शकतो. नोंद वाच."

मी वाचली. बारा पन्नासचा निरोप दुसऱ्या सेकंदाला. एक दहाचा सातव्या सेकंदाला. दीडचा बाराव्या. दर वेळी संदेश जायला पाच सेकंद लागत होते आणि मग निरोप्या पुढची वीस मिनिटं मोजत होता. म्हणजे आता एक पन्नास आणि सतरा सेकंद, किंवा त्याच्या आसपास. गेशेने एक नवी कोरी फाइल उघडली. तिला कुलूप नव्हतं. तीत तिने दोनच ओळी लिहिल्या : निरोप्याचं नाव, आणि वेळ रद्द. एक ओळ चुकली, ती तिला दोनदा लिहावी लागली. सगळे सेकंद एका दमात तपासणारा फेराही लिहिता आला असता, हे ती नंतर म्हणाली. पण त्या घटकेला तिचा स्वतःच्या हुशारीवर विश्वास उरला नव्हता. एक एक सेकंद हाताने भरायचा आणि डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला करायचं होतं.

घड्याळात एक पंचेचाळीस. तिने सतरा भरला. पडद्यावर तक्रार आली, असं काही ठरलेलंच नाही. तिने या खेपेला तक्रार दाबली नव्हती, आणि ती चौकट दिसताच मला जरा धीर आला, निदान कोणीतरी खरं बोलत होतं. सोळा. तक्रार. अठरा. तक्रार. मी प्रत्येक आकडा फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून खोडत होते, दोनदा तोच नको म्हणून. पंधरा. तक्रार. एकोणीस. तक्रार.

"आज जाळ्यावर गर्दी आहे," ती पुटपुटली. "जास्त वेळ लागला असेल. पुढे जाते."

वीस. तक्रार. एक सत्तेचाळीस. रूलोफ वायरलेसमध्ये वॉबेचं नाव घेत होते, पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता. एकवीस.

पडद्यावर काही आलं नाही.

आम्ही दोघी त्या रिकाम्या पडद्याकडे बघत राहिलो. लाल बटण दाबलं तेव्हाही काही आलं नव्हतं आणि आम्ही त्याच न येण्यावर विसंबलो होतो. गेशेने तोच आकडा पुन्हा भरला. आता तक्रार आली, असं काही ठरलेलंच नाही. म्हणजे मघाशी होतं आणि आता नाही. तरी ती म्हणाली, "थांब. पन्नास होऊ दे." तिने निरोप्याची फाइल बंद केली आणि हात मांडीवर ठेवले.

एक पन्नास. दहा सेकंद. वीस. एकवीस. तीस. फाइल उघडली नाही. एक एक्कावन्न झाले आणि पंपांची फाइल शेजारी आपली पातळी दाखवत राहिली. माझ्या जिवात अर्धा जीव आला. उरलेला अर्धा सातव्या तुकड्यावर होता.

एक चोपन्नला वॉबे बोलला. दोघं भेगेच्या अलीकडे शंभर पावलांवर सापडली होती. बेरेंडला भोंगा ऐकू येत नव्हता, फेनाने वळून पाहिलं. "दोघं माझ्या ट्रेलरमध्ये आहेत," तो म्हणाला, "वाळूवर बसलीयत. म्हातारा कुरकुरतोय." रूलोफ यांनी वायरलेस खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं. 

दोन वाजून पाच मिनिटांनी सातव्या तुकड्याचा आतला उतार चाळीस पावलं लांबीचा खाली बसला. आवाज चौकीपर्यंत आला नाही. बांध फुटला नाही. ट्रॅक्टर अंधार पडेपर्यंत वाळू ओतत होते आणि खालची वस्ती कोरडी राहिली. पण ज्या पायवाटेने पहारा चालतो ती वाट शेतात येऊन पडली होती. वॉबेने नंतर तिच्यात काठी खुपसून पाहिली, ती मुठीपर्यंत आत गेली.

फेना आली तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत होतं. ती बहिणीकडे गेली नाही. कोटासकट फळ्याकडे गेली, खडू उचलला आणि लिहिलं : फेना, बेरेंड, परत १४:२०. बोटं गारठल्यामुळे चारचा आकडा वाकडा आला. मग वळली.

गेशे म्हणाली, "जाऊ नका असा संदेश मिळाला होता ना तुला?"

"मिळाला होता."

"मग का गेलीस?"

"नंतर तुझा दुसरा आला." फेना तिच्याकडे बघत होती, चिडवणं वगैरे काही नव्हतं आवाजात. "शेवटचा निरोप खरा. माझी अक्कल म्हणत होती नको जाऊस. बेरेंडही म्हणाला. मीच त्याला म्हटलं, गेशे चुकत नाही."

"तो माझा नव्हता," गेशे म्हणाली, आणि थांबली. "नाही. माझाच होता."

मग तिने फेनाला धरलं. त्या दोघींना तसं उभं पाहायची कोणाला सवय नव्हती, म्हणून आम्ही सगळ्यांनी सूपच्या पातेल्याभोवती उगाच गर्दी केली.

रात्री अहवाल लिहिताना रूलोफ यांनी चांगल्या मनाने "यांत्रिक बिघाड" असे शब्द घातले. गेशेने कागद मागून घेतला, ते खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : चूक गेशे कोर्टमनची, थांबवायची वेळ सर्वांना सापडेल अशा जागी मांडली नव्हती. रूलोफ म्हणाले, अगं, हे वर जाईल. ती म्हणाली, जायलाच पाहिजे. मग वाटाण्याच्या सूपचे वाडगे हातात घेतलेल्या पंधरा-वीस जणांसमोर उभं राहून तिने तेच तोंडाने सांगितलं, आणि दुसऱ्या नियमाला एक जोड दिली. शेवटचा निरोप खरा, पण तो आधीच्याला उलटवत असेल तर चौकीला विचारा. बेरेंड म्हणाला, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, तर मग दुसरं बिस्कीट मिळेल का? गेशेने डबा त्याच्यापुढे ठेवला आणि झाकण लावलं नाही.

सोमवारी येल्मर आला. त्याने कुलूप काढलं आणि म्हणाला, द्या मी दुरुस्त करतो. गेशेने त्याला बाजूच्या खुर्चीत बसवलं. ती वेळेची एक ओळ तिने मॅक्रोच्या पोटातून उचलली आणि पानाच्या अगदी वर, सगळ्या मॅक्रोंच्या बाहेर मांडली, कोणालाही विचारता येईल अशी. तक्रार दाबणारी ओळ पुसली. मग हिरवं बटण दाबलं, लाल दाबलं, आणि एक्सेल बंद न करता बसून राहिली. येल्मर म्हणाला, झालं की, चालतंय. तिने त्याला हाताने गप्प केलं. शाळा सुटल्यावर फेना येऊन तिच्याशेजारी बसली. पंचवीस मिनिटं दोघी बहिणी काहीच न घडणाऱ्या पडद्याकडे बघत होत्या.

आता आमच्या फळ्यावर सर्वांत वरची ओळ निरोप्याची असते : पुढचा निरोप किती वाजता, सेकंदासह, खडूने. पुराच्या दिवसांत चौकीतलं कोणीतरी ती दर वीस मिनिटांनी बदलतं. तिच्या खाली वाकड्या चाराचं १४:२० अजून आहे. फळा पुसताना सगळे तेवढी जागा सोडून पुसतात. एकदा एका नव्या बाईने विचारलं, ही कोणाची वेळ? गेशे म्हणाली, "माझी," आणि तिच्या हातात खडू दिला.